लकडगंजच्या खांबाचं उरलेलं आयुष्य

लाल दिवा हिरव्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. चार रस्त्यांच्या चौकात एका बाजूला हिरवा लागला की बाकीच्या तिन्ही बाजूंना लाल असतो, म्हणजे लाल दिव्याच्या वाट्याला हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त ड्यूटी येते. पिवळा तर क्षणभर डोकावून घरी जातो. हे सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे जरा निरखून पाहतो. असलं काही मोजायची नोकरी असते? असते, आणि मी ती नागपुरात बरीच वर्षं करते आहे.

शहरातले सिग्नल सांभाळायचं कंत्राट असलेल्या एका कंपनीत मी आहे. बंद पडलेला सिग्नल दुरुस्त करणारी माणसं वेगळी. माझं काम त्याच्या आधीचं: कोणता दिवा, कोणती पेटी, कोणता खांब अजून किती टिकेल ते सांगायचं आणि तो जायच्या आत बदलून घ्यायचा. कागदोपत्री याला 'उर्वरित आयुष्य निश्चिती' म्हणतात. जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे नाव फार आवडलं आहे. मी गेले की त्या दारातच विचारतात, "काय वं, आज कोनाची पत्रिका पाह्यली?"

पत्रिका नाही, पण नाडी पाहावी लागते हे खरं. सामान बनवणारा कारखाना आपल्या वस्तूचं आयुष्य छापून देतो. ते आकडे गार खोलीत, स्वच्छ हवेत काढलेले असतात. त्या खोलीत नागपूरचा मे महिना नसतो. म्हणून मी छापील आयुष्य घेते आणि त्यातून एकेक गोष्ट वजा करत जाते. दिव्यासाठी ऊन आणि धूळ. पेटीसाठी, म्हणजे चौकाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या लोखंडी कपाटासाठी, उकाडा, विजेचा चढउतार, मुंग्या आणि पाली. ऊब शोधत पाल आत शिरते, नको तिथे पाय ठेवते आणि आख्खा चौक थांबतो. खांबासाठी गंज. प्रत्येक चौकाची माझ्याकडे यादी आहे, आणि यादीत प्रत्येक वस्तूपुढे चार शेऱ्यांपैकी एक असतो: ठीक, लक्ष ठेवा, बदला, दिसत नाही. चौथा शेरा मला सहन होत नाही.

या कामात एक गंमत आहे आणि तीच खंतही. माझा अंदाज बरोबर निघाला तर काहीच घडत नाही. दिवा जायच्या आधी बदलला जातो, चौक चालू राहतो, लोक ऑफिसात पोहोचतात. न घडलेल्या अपघाताबद्दल आजवर मला कोणी फोन केलेला नाही. अंदाज चुकला तर मात्र सगळ्यांकडे माझा नंबर असतो.

यादी करताना जे शिकले ते बरंचसं शहराकडून. शहरातले सिग्नल संगणकाला जोडले गेले, त्या पहिल्या उन्हाळ्यात परगावच्या मुख्य कार्यालयातून एका साहेबांचा घाईघाईने फोन आला. 

"मॅडम, तुमच्याकडे काही साथबिथ आली आहे का? निम्म्या शहराच्या पेट्यांतले कंट्रोलर रोज दुपारी मरतात."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जिवंत होतात! असं कधी पाहिलं नाही. सगळे बदलावे लागतील."

"साहेब, ते मरत नाहीत. झोपतात."

"का?"

"ऊन असतं."

मग मी समजावून सांगितलं: मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पोलीस बरेच सिग्नल पिवळ्या लुकलुकीवर टाकतात, म्हणजे दुचाकीवाल्यांना डांबरावर उभं राहून भाजून घ्यावं लागत नाही. ज्याला जायचं त्याने पाहून जायचं. संगणकाला ही पद्धत कोणी शिकवली नव्हती. त्याने लाल-हिरवं थांबलेलं पाहिलं आणि मृत्यूची नोंद केली. साहेबांचा विश्वास बसला नाही. ते स्वतः आले, भर दुपारी एका चौकात उतरले, पेटीच्या कडीला हात लावला आणि जोरात मागे घेतला. तेव्हापासून आमच्या हिशोबात पिवळ्या दिव्याचं आयुष्य वेगळं धरतात, कारण नागपुरात तो उन्हाळाभर एकटा राबतो.

तसाच मारबतीचा रकाना. जुन्या नागपुरात पोळ्यानंतर मारबती आणि बडगे निघतात, ती कागद-बांबूची उंचच उंच सोंगं. एका चौकात सिग्नलचा रस्त्यावर आलेला हात त्यांच्या डोक्याला लागायचा, म्हणून दरवर्षी बोल्ट ढिले करून तो हात बाजूला वळवत आणि मिरवणूक गेली की परत आणत. त्या हाताचे दिवे धडधाकट होते, खांब धडधाकट होता. झिजले होते ते बोल्टचे आटे. एखादी वस्तू कशाने मरेल हे ती कुठे उभी आहे यावर ठरतं, हे मला त्या आट्यांनी शिकवलं.

आणि तरीही, इतक्या याद्या करूनसुद्धा, चौकात उभी राहिले की मला अजून नवल वाटतं. काचेमागे एक रंग पेटतो आणि ट्रक, बस, स्कूटर, दूधवाले, शाळेच्या व्हॅन सगळे थांबतात. त्या रंगात ना भिंत आहे, ना दोरी. त्याचा भरवसा टिकावा म्हणून तो दिवा उन्हापावसात लाखो वेळा उघडमीट करत राहतो आणि एकदाही कंटाळत नाही.

हे सगळं झालं दिव्याचं. सगळ्यात जास्त नवल मला एका खांबाचं वाटलं, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

खांबाच्या बाबतीत सगळी गोष्ट जमिनीलगतच्या वीतभर जागेची असते. वर कितीही रंग द्या, खांब सडतो तो मातीला टेकतो तिथे. पाणी तिथे मुरतं, कुत्री तिथे पाय वर करतात, कचरा तिथे साठतो. आमच्या कंपनीतले दिलीपभाऊ, शिडी-हातोडीवर आयुष्य काढलेले तंत्रज्ञ, हातोडीने खांब वाजवतात. चांगला खांब खणखणतो आणि सडलेला ठप्प बोलतो. त्यानंतर मी एक छोटं यंत्र लावून पत्र्याची जाडी मोजते. दोन्ही जुळलं की शेरा लिहायचा.

लकडगंजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चौकात मात्र ती वीतभर जागाच दिसत नव्हती. खांबाभोवती कंबरेएवढा सिमेंटचा ओटा होता, ओट्यावर लाल कापड गुंडाळलेले चार मटके, आणि मटक्यांमागे खुर्ची टाकून कुसुमबाई. साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान मारोतराव जवळच्या आरामशीनवर लाकूड चिरायचे. नोकरी संपल्यावर ते पारशिवनीकडच्या आपल्या गावी शेतीत रमले. कुसुमबाई मात्र दर उन्हाळ्यात पाणपोई लावायला शहरातच राहायच्या. मटके दिवसभर झिरपत, लाल कापडातून पाणी ओट्यावर आणि ओट्याच्या फटीतून आत, खांबाच्या पायथ्याशी.

माझ्या यादीत या खांबापुढे कायम 'दिसत नाही' होतं.

त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो. दिलीपभाऊंनी ओट्याच्या वर हातोडी मारली. खणखणीत. यंत्राने जाडीही चांगली दाखवली. तेवढ्यात सागवानाचे ओंडके लादलेला एक ट्रक गेला, रस्ता थरथरला आणि वरचा दिवा डुलायला लागला. ट्रक गेल्यावर दिवा डुलतोच, त्यात विशेष नाही. हा मात्र ट्रक दिसेनासा झाला तरी डुलत होता.

दिलीपभाऊ वर पाहत म्हणाले, "मॅडम, हा मुळात हालून राहिला."

नेमकी काळजी अशी होती. खांबाच्या खाली, लाल दिव्याला थांबणाऱ्यांसाठी, हिरवी जाळी ताणलेली होती. ज्या चौकांत दुपारीही लाल-हिरवं चालू ठेवावं लागतं तिथे उन्हाळ्यात अशा जाळ्या बांधतात, फार चांगलं काम आहे. तिचं एक टोक आमच्या खांबाला होतं. जाळीच्या दर्शनी बाजूला एका स्थानिक भाऊंच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक. जाळी आणि फलक मिळून वाऱ्याला एक शीडच मिळालं होतं. आणि मेच्या शेवटाला आमच्याकडे दुपारची वादळं येतात: धुळीचा लोट, मग वारा, मग चार टपोरे थेंब. खांब त्यात आडवा झाला तर सावलीत थांबलेल्या माणसांवर पडणार होता, आणि सगळ्यात आधी कुसुमबाईंवर.

नवा खांब मागवला. तो बाहेरून यायचा होता, क्रेनही मोकळी नव्हती. दोन्हीला आठवडाभर तरी लागणार होता. तारेने ताण द्यावा तर एकीकडे ट्रकांचा रस्ता आणि दुसरीकडे विजेच्या तारा. मी कामांची यादी केली: फलक काढणे, जाळी हलवणे, पाणपोई हलवणे.

फलकासाठी भाऊंचा एक कार्यकर्ता आला, गळ्यात दुपट्टा, मोटरसायकल चालूच.

"ताई, हात नका लावू. परवा भाऊचा बड्डे आहे."

"खांब पडू शकतो."

"इतके वर्ष नाही पडला, परवापर्यंत कायले पडते?"

मी म्हटलं, "बरं. राहू द्या. पण पडला तर पेपरवाले येतील, फोटो काढतील. खाली चेंगरलेल्या गाड्या आणि वर भाऊ हसताहेत, असा फोटो येईल. तेवढी भाऊंना आधी कल्पना देऊन ठेवा."

त्याने मोटरसायकल बंद केली. फलकाकडे पाहिलं. मग शिडी आमचीच मागून घेतली आणि फलक स्वतः उतरवला.

जाळीचं काम सोपं होतं आणि मला त्याचा थोडा अभिमान आहे. माणसांना हलवायचं असेल तर फळ्या लावून उपयोग नाही, लोक फळ्यांमधून गाडी काढतात. सावली हलवावी. आम्ही बांबू रोवून जाळी खांबापासून बरीच मागे, कडुनिंबाच्या बाजूला बांधली. त्याच दुपारी सगळे दुचाकीवाले आपोआप मागे थांबायला लागले, एकानेही का म्हणून विचारलं नाही.

उरल्या कुसुमबाई.

"बाई, आठवडाभर पाणपोई पलीकडे हलवू. माणसं मी देते, मटके उचलून नेतील."

"काहून?"

"खांब सडला असावा. तुमच्या मटक्यांचं पाणी त्याच्या बुडाशी जातं."

"तुमचा खांब सडला तं माह्यं पानी काहून बंद करता? पलीकडं ऊन हाय. मटकं उन्हात ठेवलं का पानी चहा होते."

"खांब तुमच्या डोक्यावर पडेल."

"अवं, माह्या डोक्यावर चाळीस वर्सापासून माह्यी सासू बसून राहिली. हा खांब काय करते मले!"

दिलीपभाऊ तोंड फिरवून हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, निदान पाणी तरी थांबवा, मटके रिकामे ठेवा, गंज वाढायला नको. त्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं, जसं एखाद्या आजारी माणसाला पाहतात.

"रिकामे मटके मांडू? उन्हातानाचा मानूस ग्लास पुढं करन, अन् मी त्याले रिकामं मटकं दाखवू?" त्यांनी ओगराळं बुडवलं आणि माझ्यासमोर ग्लास धरला. "घ्या. तुमचं डोकं तापलं. तुमची ते क्रेन आली का फोडा ओटा, मी काई नाही म्हनत. तवरी पानी चालू राहीन."

पाणी खरंच गार होतं. ते पिऊन मी हरले आणि ऑफिसला गेले. पुढचे दिवस रोज काही ना काही निमित्त काढून त्या चौकात थांबत होते. खांबाकडे पाहायचं, ट्रक जाऊ द्यायचा, दिव्याचं डुलणं पाहायचं, कुसुमबाईंशी एकदा भांडायचं, पाणी प्यायचं आणि निघायचं.

क्रेन यायची होती त्याच्या आदल्या दुपारी वादळ आलं.

मी चौकातच होते. आधी सगळं पिवळं झालं, मग कडुनिंब उलटा झाल्यासारखा त्याच्या पानांची पाठ दिसायला लागली. लाकडाच्या दुकानांसमोरचा भुसा उठला आणि डोळ्यांत गेला. जाळीखालचे लोक गाड्या सोडून दुकानांत पळाले. खांबाखाली एकच माणूस उरलं. कुसुमबाई दोन्ही हातांनी मटक्यांवरची झाकणं दाबून उभ्या होत्या.

"बाई, इकडे या!"

"झाकनं उडतीन वं!"

मी धावले, त्यांच्या दंडाला धरलं आणि ओढतच एका लाकडाच्या दुकानाच्या शटरखाली आणलं. त्या तोंडाने मला शिव्या देत होत्या आणि हातात एक झाकण घट्ट होतं. उरलेली तीन रस्त्यावर चाकांसारखी पळत गेली.

तिथून आम्ही दोघींनी खांब पाहिला. वाऱ्याचा झोत यायचा तसा तो वाकायचा, रस्त्यावरचा लांब हात वर-खाली व्हायचा, दिव्याच्या टोप्या थडथडायच्या. मी खांबांची गणितं केलेली बाई आहे. किती वारा म्हणजे किती जोर, मुळाशी किती ताण, हे सगळं मला येतं, आणि ते गणित त्या क्षणी डोक्यात आपोआप चालू होतं. दर झोताला उत्तर एकच येत होतं: आता पडेल. तो पडत नव्हता. आडव्या धुळीत त्याचा लाल दिवा लागलेला होता. समोर एकही वाहन नव्हतं, तरी तो नेमाने हिरवा झाला, पिवळा झाला, पुन्हा लाल झाला.

कुसुमबाईंनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, ते आठवत नाही.

वारा पडला, चार थेंब आले आणि गेले. खांब उभा होता. मटकेही उभे होते, एक तेवढं कलंडलं होतं. "पाह्यलं?" कुसुमबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता, आणि त्या खांबाजवळ लगेच गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही कामाला लागलो. दिवे आणि वायरी आधीच उतरवल्या. त्या बाजूसाठी चाकांवरचा तात्पुरता सिग्नल आणून ठेवला, आणि गाड्या नेहमीच्या जागेच्या बऱ्याच मागे थांबाव्यात आणि हिरव्याला पलीकडच्या कडेने निघून जाव्यात अशी दोरी बांधली. क्रेनचा पट्टा खांबाला वरच्या बाजूने आवळला. आता ओटा फोडला तरी खांब पडणार नव्हता. कुसुमबाईंनी मटके स्वतःच्या हाताने उचलून नेले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

दिलीपभाऊंनी छिन्नी लावली. वरचा सिमेंटचा थर निघाला, त्याखाली विटा. विटांच्या आत, खांबाला चारी बाजूंनी चिकटून, काहीतरी काळं होतं. मला वाटलं गंजाचा थर. दिलीपभाऊंनी छिन्नीने टोचून पाहिलं.

"लाकूड हाय, मॅडम."

पाचरा होत्या. हातभर लांब, जाड, बैलगाडीच्या चाकात मारतात तशा. विटा आणि खांब यांच्या मधे ठासून बसवलेल्या. दिलीपभाऊंनी एकीला पहार लावली, मग अजून एकाला हाताशी घेऊन दोघांनी जोर लावला. पाचर हलली नाही.

कुसुमबाई वाकून पाहत होत्या. "हे कवा केलं यायनं?" म्हणत त्यांनी फोन काढला, यजमानांना लावला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा मोठा आवाज केला.

"अजी, ऐकून राहिले का? ओट्यातून लाकडं निघाले."

"कोनते लाकडं?" मारोतराव शेतात असावेत, मागे बैलाच्या गळ्यातलं वाजत होतं.

"पच्चरा! खांबाले मारल्या तुमी?"

"हो, मंग? ट्रक गेला का तुह्ये मटके हालत होते. पानी सांडते, पानी सांडते, तूच तं जीव खात होती. म्हनून बाभळीच्या ठोकल्या. वरून सिमेट मारलं. काहून?"

दिलीपभाऊ फोनजवळ जाऊन ओरडले, "काका, निघून नाही राहिल्या!"

"कशा निघतीन गा? उन्हायाभर पानी पेऊन राहिल्या थ्या."

आणि ते पुन्हा शेताच्या कामाला लागले, फोन तसाच चालू ठेवून. आम्हाला थोडा वेळ बैलच ऐकू येत होते.

मी ओट्याच्या कडेला बसले. मला ते एकदम कळलं. बाभूळ पाणी प्याली की फुगते. मटक्यांचं पाणी झिरपून खांबाच्या बुडाशी जात होतं आणि लोखंड खात होतं. तेच पाणी पाचरांमध्ये मुरत होतं आणि त्यांना फुगवत होतं. लोखंड जसं आतून कमी होत गेलं, तशा पाचरा बाहेरून आवळत गेल्या. वादळं येतात ती उन्हाळ्याच्या शेवटी, पाणपोई भरात असते तेव्हा, म्हणजे पाचरा सगळ्यात घट्ट असतात तेव्हाच. एका माणसाने बायकोचे मटके हलू नयेत म्हणून लाकूड ठोकलं होतं. खांबाचा त्याने विचारही केला नव्हता. मेच्या उन्हात ते पाणी आठवडाभर थांबलं असतं, तर बाभूळ वाळली असती, आखडली असती, आणि कालच्या वाऱ्यात काय झालं असतं ते गणित मला येत होतं. पाणी थांबवा म्हणणारी मी होते. ग्लास पुढे करणाऱ्याला रिकामं मटकं दाखवायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर बाई अडून बसल्या होत्या.

सरकारी आणि खाजगी, दोन्ही कामांत पाचर मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पाचरीने उभं ठेवलेलं काम पहिल्यांदा पाहत होते.

"म्हंजे माह्या पान्यानं खाल्लं त्याले?" कुसुमबाईंनी हळू विचारलं.

"हो. आणि तुमच्याच पाण्याने धरून ठेवलं."

त्या ओलं लाकूड हाताने चाचपत राहिल्या.

पाचरा उपटून निघेनात, तेव्हा दिलीपभाऊंनी शेजारच्या आरामशीनवरून करवत आणली आणि एकेक कापून काढली. चिरताना ओल्या बाभळीचा वास सुटला. दोरीपलीकडे लाल दिव्याला गाड्या साचल्या होत्या. दुचाकीवाले, एक टेम्पो, शाळेची एक व्हॅन. सगळे माना उंचावून पाहत होते. शेवटची पाचर सुटली. क्रेनवाल्याला मी हात केला.

जोर लावावा लागेल अशा तयारीने त्याने दांडा ओढला. जोर लागलाच नाही. खांब नुसता वर आला. जमिनीतून काही तुटलं नाही, काही निघालं नाही, साधा आवाजसुद्धा झाला नाही. तो इतका हलका उचलला गेला की पट्ट्याला टांगल्या टांगल्या हळूच फिरला, आणि त्याचं बूड आम्हा सगळ्यांसमोर आलं. तिथे बूड नव्हतं. कुरतडलेल्या पापडासारखी एक कड होती आणि तिच्या आरपार सकाळचं ऊन दिसत होतं. खाली मातीत गंजाचं एक तांबडं वर्तुळ, चिमटीत धरलं तर भुगा होईल असं. हा खांब जमिनीत कुठेही नव्हता. किती वर्षं नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही.

दिलीपभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यांनाही माहीत नसावं. क्रेनवाला दांड्यावर हात ठेवून तसाच बसला. खांब हवेत सावकाश फिरत होता.

आणि दोरीपलीकडे हिरवा लागला. आमच्या शहरात हिरवा लागायच्या आधीच मागचा हॉर्न वाजवतो. त्या सकाळी कोणी वाजवला नाही. टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता, दुचाकीवाल्यांचे पाय जमिनीवर होते, सगळ्यांचे डोळे त्या फिरणाऱ्या खांबाच्या बुडावर. हिरवा पुरता जळला, पिवळा झाला, परत लाल झाला, आणि एकही गाडी जागची हलली नाही.